मयेकरबाईंची खोली

मयेकरबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चपला काढत आणि मग त्या घरातला फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढं ओढत. बसा म्हणायच्या आधी, पाणी यायच्या आधी. फ्रीज नसेल तर टीव्ही ओढत. टीव्हीही नसेल तर रेडिओवरचं भरतकामाचं कव्हर काढून, त्याची नीट घडी घालून घरच्या बाईच्या हातात देत.

एकदा आमच्या ऑफिसातल्या एकाच्या बहिणीचा साखरपुडा होता. मुलगी पाटावर बसलेली, भटजींचं चाललेलं, आणि आतून घर्रर्र आवाज आला. सगळे वळून बघतात तर मयेकरबाई जरीचं पातळ खोचून फ्रीजशी झोंबतायत आणि फ्रीजवरची पेढ्यांची ताटं हिंदकळतायत. मुलाच्या आईला वाटलं, फ्रीज आपल्याला द्यायलाच बाहेर काढतायत. ती माउली हातभार लावायला उठली. पुढं तिला खरं काय ते समजावताना मुलीच्या बापाची जी तारांबळ उडाली ती विचारू नका.

‘त्याला घाम येत नाही,’ एवढंच स्पष्टीकरण बाई देत. ज्याला कळलं त्याला कळलं. बाकीच्यांनी बाई येणार असं समजलं की फ्रीज आपणच पुढं ओढून ठेवायचा, अशी आमच्याकडे पद्धतच पडून गेली होती.

बाई काही जन्मापासून अशा नव्हत्या. मी मिरकरवाड्याच्या धक्क्याजवळच्या एका मच्छीमार सोसायटीत लागलो तेव्हा त्या तिथं हेडक्लार्क होत्या आणि त्यांचं सगळं लक्ष मस्टरवर असायचं. वय पन्नाशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, भावाकडे राहायच्या. आवाज असा की धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू असताना त्यांनी खिडकीतून कुणाला हाक मारली तर लिलाव थांबायचा. मी स्टोअर सांभाळायचो. जाळ्यांचं सूत, जाळी तरंगती ठेवणारे बोये, दोरखंड, डिझेलचे पास, असलं सगळं माझ्याकडे. बाई मला ‘मेल्या पावसकर’ म्हणत. पावसकर हे माझं आडनाव. बाकीचं त्यांनी प्रेमानं बहाल केलेलं.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आमचे चेअरमन दाऊदशेठ मुंबईला एका कोळंबीच्या व्यापाऱ्याकडे गेले आणि त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर बघून आले. दाऊदशेठना एखादी गोष्ट हवी वाटली की ती हवीच. महिन्याभरात खोक्यांत बांधलेला कॉम्प्युटर आमच्या ऑफिसात हजर. तो चालवायचं ट्रेनिंग मुंबईला होतं, पंधरवड्याचं, आणि मॅनेजर खेडेकरसाहेबांनी कोण जातो म्हणून विचारल्याबरोबर एकेकाला काय काय आठवलं म्हणून सांगू. कुणाच्या बायकोला दिवस गेलेले, कुणाचे गुडघे धरलेले. मी सांगितलं, मला मुंबईचं पाणी बाधतं. तेवढ्यात मयेकरबाई मस्टर मिटून उठल्या आणि म्हणाल्या, मी जाते. खेडेकरसाहेब इतके गांगरले की नाही म्हणायचं राहूनच गेलं.

बाई मुंबईहून आल्या त्या वेगळ्याच होऊन. तिथं म्हणे त्यांना काचेच्या भिंतींची एक गारेगार खोली दाखवली होती. नुसती मशीनसाठी. माणसं बाहेर घामाघूम आणि मशीन आत स्वेटर घालावा अशा गारव्यात. बाईंनी शिकवणाऱ्या पोराला विचारलं, एवढे लाड कशासाठी? त्यानं जे सांगितलं ते बाईंच्या डोक्यात असं बसलं की पुढची कित्येक वर्षं रत्नागिरीतले फ्रीज जागेवर राहिले नाहीत.

मला त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून दाखवला होता. आत एक काळी चिप, दोन्ही अंगांना गोमेसारखे पाय.

‘हा प्रोसेसर. ह्याच्यात हजारो बटणं आहेत मेल्या, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी बारीक. ती सारखी चालू-बंद, चालू-बंद. दर खेपेला वीज इकडून तिकडं जाते आणि जाता जाता थोडी तापून वाया जाते. एका बटणाचं काही नाही रे. पण हजारो बटणं, नखाएवढ्या जागेत, आणि सेकंदाला लाखो वेळा. शिमग्यात पालखीखाली शिरला आहेस ना कधी?’

शिरलो होतो. तसं असेल तर कठीणच होतं बिचाऱ्याचं.

पालखीखालचा माणूस घामानं निथळतो, आणि घाम वाळताना त्याचं अंग गार होतं. चिपला ती सोय नाही. तिच्या अंगचा ताप हवेनं उचलून बाहेर न्यायचा, दुसरा मार्ग नाही. म्हणून डब्याच्या पाठीला एक पंखा असतो. तो पुढच्या फटींतून हवा ओढतो आणि मागून बाहेर फेकतो. फटी बुजल्या, पाठ भिंतीला चिकटली किंवा आत धूळ साठली की तीच तापलेली हवा आतल्या आत फिरत राहते. मग चिप चुकायला लागते. आधी एखादा आकडा चुकतो, मग मशीन जागच्या जागी थिजतं. हे सगळं बाईंनी मला एका दमात सांगितलं आणि वर बजावलं की पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो, आणि एवढी साधी गोष्ट खेडेकरांच्या टाळक्यात शिरत नाही.

कॉम्प्युटरसाठी वरच्या मजल्यावरची मागची खोली ठरली. तिथं आधी माझे बोये आणि सुताच्या गुंड्या असत. ती रिकामी करून पांढरा हात मारला, टेबल-खुर्ची लावली, दाराला नवीन कुलूप घातलं आणि किल्ली मयेकरबाईंकडे दिली. पश्चिमेला एक खिडकी, त्यातून समुद्र. वर सिमेंटचे पत्रे.

त्या खोलीवर बाईंचा असा काही जीव जडला की आम्ही बघतच राहिलो. त्यांनी घरून पडदा आणला, पाण्याची सुरई आणली, खिडकीत मोगऱ्याची कुंडी ठेवली. दाराबाहेर चपला काढायला पायपुसणं टाकलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येत, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जात, आणि रविवारी सुद्धा मशीन बघून येते म्हणून सांगून येत. मशीनला रविवारी काय बघायचं असतं ते देवाला माहीत. आत गेल्या की दार लावून घेत. आम्ही खाली त्यावर पुष्कळ विनोद केले. मी जरा जास्तच केले, कारण मला येतात.

पण मी त्यांच्या भावाचं घर पाहिलं होतं. दोन खोल्या आणि पडवी, त्यात भाऊ, भावजय, पाच मुलं, वर येणारेजाणारे. बाईंची ट्रंक पडवीत आणि त्या ट्रंकेवर कुठला ना कुठला भाचा अभ्यासाला बसलेला. रात्री सगळ्यांची आवराआवर झाली की बाईंची वळकटी पसरायची, ती सगळ्यांच्या आधी उचलायची. माणसं वाईट नव्हती हां. जागाच नव्हती. तेव्हा ती किल्ली म्हणजे बाईंना काय होतं ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी विनोद करायचो. चालतं तेवढं.

मशीनला गार ठेवायचं काम म्हणजे बाईंना आमच्या सगळ्यांशी लढाईच होती. पहिल्याच दिवशी खेडेकरसाहेबांच्या मंडळींनी त्याच्यासाठी लोकरीचं विणलेलं कव्हर पाठवलं, वर दोन हंस, आणि साहेब म्हणाले, चालू असताना पण राहू दे, धूळ बसणार नाही. बाईंनी कव्हर काढलं आणि साहेबांना विचारलं की तुम्ही मे महिन्यात लोकरीची बंडी घालून बसता काय. खंडेनवमीला दाऊदशेठनी मोठ्या हौसेनं झेंडूचा हार आणवला. मशीनची पूजा झालीच पाहिजे, ते म्हणाले, मी मुसलमान असलो म्हणून काय झालं, लाँचींची होते तशी ह्याची पण. हार पुढच्या फटींवर लोंबू लागला तसा बाईंनी तो उचलून खुर्चीला घातला. त्या वर्षी आमच्या ऑफिसात खुर्चीची पूजा झाली.

पण खरी गंमत बर्फाची. मार्च उजाडला, मशीन दुपारी कुरकुरायला लागलं आणि दाऊदशेठच्या कानावर गेलं की ते तापतं. आता मासळीच्या धंद्यातला माणूस तापलेल्या वस्तूचं काय करणार? त्यांनी आमच्याच बर्फाच्या फॅक्टरीतून दोन लाद्या मागवल्या, टबात ठेवल्या, पुढं टेबलफॅन लावला आणि म्हणाले, घ्या, एअर कंडिशन. बाई त्या दिवशी ट्रेझरीत गेल्या होत्या. दुपारी परत येईतो खोली सर्द झाली होती, बर्फाजवळच्या लोखंडी कपाटावरून पाणी ओघळत होतं, प्रिंटरचा कागद मऊ पडून आत गोळा झाला होता. त्यात तो बर्फ मासळीचा. धक्क्यावरच्या तीन मांजरी टबाभोवती बसून प्रोसेसरकडे आशेनं बघत होत्या.

बाईंनी मांजरी हाकलल्या, टब मला उचलायला लावला आणि दाऊदशेठना तोंडावर सांगितलं की ओलावा आणि खारी हवा मिळून आतल्या तारा गंजवतील. बांगड्याला जे मानवतं ते ह्याला मानवत नाही. दाऊदशेठ हसत सुटले. त्यांना बाईंचं बोलणं लागायचं नाही. ऑफिसात तेवढे एकटेच असे होते.

मग बाईंनी स्वतःचे उपाय सुरू केले. टेबल भिंतीपासून हातभर पुढं आणलं. दर शनिवारी डबा उघडून रंगाऱ्याच्या मऊ ब्रशनं आतली धूळ झाडली. पत्र्यांवर चुना मारून घेतला, वर माडाचे झाप अंथरले. झाप शिडीवरून चढवायला अर्थातच मेल्या पावसकर. खिडकीला जाड पडदा लावला, वरच्या झडपेत उलटा पंखा बसवला, आतली हवा बाहेर फेकणारा. काम पहाटे उन्हं यायच्या आधी सुरू करून दुपारी मशीन बंद ठेवायचं ठरवलं. आणि एप्रिलभर ते मशीन चाललं. बाई अशा ताठ चालत की जिन्यावर आम्ही बाजूला होऊन वाट द्यायचो.

मे महिन्यात सगळं फिसकटलं. सीझन संपत आला की लाँची किनाऱ्याला ओढतात, त्याआधी प्रत्येक लाँचीचा वर्षाचा हिशेब सोसायटीनं द्यायचा असतो. तो मिळाला की तांडेल, म्हणजे लाँचीवरचे म्होरके, खलाशांना मोकळं करतात आणि खलाशी आपापल्या गावी जातात, पेरणीला. त्या वर्षी सगळा हिशेब पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर घातला होता. नुसत्या पहाटेच्या कामानं तो संपेना म्हणून दुपारीही मशीन चालवावं लागलं, आणि दुपार झाली की ते थिजायचं. पुन्हा चालू करावं, पुन्हा थिजावं. खलाशी वळकट्या बांधून धक्क्यावर बसलेले. रोज कुणीतरी येऊन विचारायचा, झालं काय हो? एकाची बायको बाळंत झाली होती आणि त्यानं अजून पोर बघितलं नव्हतं. बाई त्याला उद्या ये म्हणून सांगत आणि वर निघून जात.

बाई रोज नवीन कारण सांगत. व्होल्टेज कमी येतं. फ्लॉपी खराब निघाली. खाऱ्या हवेनं काहीतरी धरलं. मला नवल वाटायचं, कारण ज्या बाईनं सगळ्या गावाला तापाची शाळा शिकवली ती तापाचं नावसुद्धा काढत नव्हती. एक दिवस प्रिंटरची रिबन काढायला मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. आत थर्मामीटर होता. बर्फाच्या फॅक्टरीतून मागून आणून बाईंनीच तो भिंतीवर लावला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायच्या. आता तो खणात पालथा पडला होता, रुमालाखाली. मी खण बंद केला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मशीनकडे वळल्या.

शेवटी दाऊदशेठनी कमिटी बोलावली, ऑफिसातल्या आम्हा सगळ्यांसकट. त्यांच्या केबिनमध्येच, कारण सगळ्या बिल्डिंगमध्ये तिथं एकच एअर कंडिशनर होता, बाहेरगावचे व्यापारी येत म्हणून बसवलेला. खेडेकरसाहेबांनी मुद्दा मांडला. मशीन कंपनीला परत करावं, हिशेब हातानं पुरा करावा. जुने क्लार्क माना डोलवू लागले. दाऊदशेठचा चेहरा उतरला होता, पण त्यांनाही खलाशांना काय तोंड दाखवायचं ते कळत नव्हतं. ठीक आहे, परत करू, असं ते म्हणत होते तोवर मयेकरबाई उभ्या राहिल्या.

‘मशीन चांगलं आहे. खोली वाईट आहे. पश्चिमेचं ऊन आणि वर पत्रा, दुपारी तिथं सगळी हवाच तापलेली असते. पंखा तीच हवा त्याच्या अंगावर घालतो, त्यानं ते काय गार होणार? ते इथं आणा, ह्या केबिनमध्ये. आज रात्रीच आणा. उद्यापासून दिवसभर चालेल.’

दाऊदशेठ म्हणाले, ‘मग बाय, हे तू आधी का नाही बोललीस?’

बाईंनी पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला. मला वाटलं आता त्या व्होल्टेजचं काहीतरी सांगतील.

‘खोली जाईल म्हणून. मे लागला तेव्हाच मला कळलं होतं. पण मला दार लावून बसायला आयुष्यात तेवढीच एक जागा मिळाली होती, ती सोडवेना. माझ्यापायी पोरं धक्क्यावर अडकली. चूक माझी आहे, मशीनला नावं ठेवू नका.’

एवढं बोलून त्या खाली बसल्या. खेडेकरसाहेब कागद उलटेपालटे करत राहिले. दाऊदशेठ एकदम उठले, स्वतःची खुर्ची उचलून भिंतीकडे सरकवली आणि टेबलावरचं सामान आवरायला लागले. मला म्हणाले, पावसकर, चल, हात लाव.

आम्ही त्याच संध्याकाळी मशीन खाली आणलं. आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून ते सकाळ, दुपार, संध्याकाळ चाललं, एकदाही थिजलं नाही. पाऊस लागायच्या आत सगळ्या लाँचींचे हिशेब निघाले. पोर न बघितलेल्या त्या खलाशाचा कागद बाईंनी सगळ्यांच्या आधी काढला आणि स्वतः धक्क्यावर नेऊन दिला. मशीनचं दैव उघडलं, पण बाईंचं काय? केबिनमध्ये दाऊदशेठ, त्यांच्याकडे येणारे व्यापारी, आणि गारव्याच्या आशेनं काही ना काही निमित्त काढून येणारं सगळं ऑफिस. बाई त्या गर्दीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून टाइप करायच्या. पहिल्यासारख्याच सगळ्यांना दटावायच्या, दार नीट लावा, गारवा बाहेर जातो. किल्ली त्यांनी खेडेकरसाहेबांच्या टेबलावर ठेवली होती.

साहेबांनी ती मला दिली आणि सांगितलं की तुझे बोये आणि सूत वर नेऊन ठेव, जिन्याखाली अडचण होते. मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पहिलं पोतं खांद्यावर घेऊन वर गेलो. दाराला कुलूप लावलेलंच नव्हतं. झाप वाऱ्यानं उडून गेले होते, उलटा पंखा काढून खाली नेला होता, पत्रा नुसता तापत होता. मी दार ढकललं तर उघडेना. आतून कडी होती.

मी हाक मारणार होतो. मग खाली बघितलं तर पायपुसण्यावर बाईंच्या चपला, एकाशेजारी एक नीट ठेवलेल्या. आत खुर्ची कुरकुरली, पुन्हा शांत झालं. त्या भट्टीत काय मिळत असेल ते मिळत असेल. बाईंना खोलीतल्या हवेबद्दल मी काय शिकवणार होतो? मी खांद्यावरचं पोतं तसंच घेऊन आवाज न करता खाली आलो आणि जिन्याखाली ठेवून दिलं. किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली, त्यांच्या चष्म्याच्या घराखाली.

संध्याकाळी खेडेकरसाहेबांनी विचारलं, माल वर गेला काय. मी म्हटलं, साहेब, तिथं फार उकडतं, सूत कडक होऊन तुटेल. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि बरं म्हणाले. मयेकरबाई रिटायर होईपर्यंत सोसायटीचा माल त्या खोलीत कधी ठेवला गेला नाही.